खिडकीतून येणारा आवाज: आधी फट, मग काच

रस्त्याच्या आवाजानं झोप उडालेला माणूस उपाय शोधायला निघाला की बहुतेक वेळा थेट काचेपाशी पोचतो. जाड काच घ्यावी की डबल, किती मिलिमीटरची, कुठल्या प्रकारची, हीच चर्चा. बराच खर्च होतो, नवी खिडकी बसते आणि हॉर्न पूर्वीसारखाच कानावर आदळत राहतो. ही निराशा टाळता येण्यासारखी असते, म्हणूनच ती पाहून फार वाईट वाटतं. काच महत्त्वाची आहेच. पण खिडकीतल्या फटी बंद झाल्याशिवाय काचेवर घातलेला पैसा जवळजवळ वाया जातो, आणि हे थोड्याशा हिशेबानं कुणालाही पटेल.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप साध्या बेरीज-वजाबाकीनं चालत नाही. एखादी खिडकी १० डेसिबल आवाज अडवते, म्हणजे बाहेरून आलेल्या ध्वनिऊर्जेचा दहावा भाग आत सोडते. २० डेसिबल अडवणारी शंभरावा भाग सोडते, ३० अडवणारी हजारावा आणि ४० अडवणारी दहा हजारावा. कानाचा हिशेब आणखी वेगळा. १० डेसिबल कमी झाले की आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. ५ डेसिबलचा फरक स्पष्ट कळतो, ३ चा जेमतेम. त्यामुळे ‘९० टक्के आवाज अडवणारी खिडकी’ ही जाहिरात खोटी नसली, तरी तिचा अर्थ १० डेसिबल एवढाच होतो. अर्धवट उघडी खिडकीसुद्धा साधारण तेवढा आवाज अडवते.

मग किती अडवायला हवा? जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, रात्री झोपायच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा आणि मध्येच होणारा एखादा मोठा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. समजा, रात्री खिडकीबाहेर सरासरी ६५ डेसिबल आवाज आहे. तर खिडकीनं ३५ अडवायला हवेत. साधी, थोडी सैल बसणारी सरकती खिडकी बंद केल्यावर जेमतेम २५ अडवते. हे मधलं दहा डेसिबलचं अंतर कसं कापायचं, एवढाच आपला प्रश्न आहे.

आता भिंतीकडे पाहू. चांगली पक्की भिंत ५० डेसिबल सहज अडवते. त्या भिंतीच्या एक दशांश जागेत २५ डेसिबल अडवणारी खिडकी बसवली, तर भिंत आणि खिडकी मिळून अडवतात सुमारे ३५. भिंत आणखी जाड करून ६० डेसिबलची केली तरी उत्तर ३५ च राहतं. खिडकी ३५ ची केली की मात्र एकूण आकडा ४४ वर जातो. सगळं काही सर्वांत कमकुवत जागा ठरवते. भिंतीत ती जागा खिडकी, आणि खिडकीत ती जागा फट.

फटीचा हिशेब

१५० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच अशी दोन सरकत्या झडपांची खिडकी घ्या. तिचं क्षेत्रफळ १८,००० चौरस सेंटिमीटर. दोन झडपा मध्ये जिथे एकमेकींवर येतात, तिथे वरपासून खालपर्यंत २ मिलिमीटरची फट आहे असं धरा. ती फट भरते २४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण खिडकीच्या हजारात सुमारे १.३ भाग. नजरेत भरण्याइतकीही ती मोठी नाही. पण उघड्या जागेतून आवाज जसाच्या तसा आत येतो. म्हणजे काच कितीही भारी असली तरी ऊर्जेचा हजारावा भाग तर या फटीतूनच येणार, आणि ही खिडकी ३० डेसिबलच्या पुढे कधीच जाणार नाही.

४ मिलिमीटरची साधी काच स्वतः सुमारे ३० डेसिबल अडवते. या फटीसह तीच खिडकी २६ वर येते. आता तुम्ही ४० डेसिबल अडवणारी महागडी काच आणलीत आणि फट तशीच ठेवलीत, तर आकडा होतो २८. फटी नीट बंद केलेली साधी ४ मिलिमीटरची काच तिच्यापेक्षा सरस ठरते. हा ढोबळ हिशेब आहे. अरुंद फटीतून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज वेगवेगळ्या प्रमाणात येतात. पण निष्कर्ष बदलत नाही, आणि खिडकीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच ठेवावी असं मला वाटतं.

फटी शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही. रात्री खोलीत अंधार करून एकाला बाहेरच्या बाजूनं चौकटीच्या कडेकडेनं टॉर्च फिरवायला सांगा. उजेड जिथून आत डोकावतो तिथून आवाजही येतो. (वरच्या मजल्यावर हा प्रयोग अर्थातच करू नका.) उघड-झाप करणारी खिडकी असेल तर झडप आणि चौकट यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून खिडकी बंद करा आणि पट्टी ओढा. विनासायास सुटली तर तिथे झडप नीट दाबून बसत नाही. याहून सोपं म्हणजे रहदारी चालू असताना खिडकीच्या कडेवरून हळूहळू कान फिरवणं. फटीपाशी आवाज एकदम उजळतो, तीक्ष्ण होतो.

सगळ्यांत उपयोगाची चाचणी मात्र चिकटपट्टीची. पैसे खर्च करण्यापूर्वी एका रात्रीपुरती खिडकीची प्रत्येक फट रुंद चिकटपट्टीनं आतून बंद करा: झडपांच्या कडा, मधला सांधा, खालची पन्हळ, पाणी जायची भोकं, सगळं. मग ऐका. फरक मोठा असेल तर तुमचं काम रबरी पट्टीवर भागेल. फरक नगण्य असेल तर आवाज काचेतून किंवा दुसऱ्याच वाटेनं येतोय. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपचे आकडे फारसे अचूक नसतात, पण एकाच फोननं, एकाच जागेवरून, ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना करायला ते पुरतात.

पट्ट्या आणि सांधे

उघड-झाप करणारी खिडकी आणि सरकती खिडकी यांच्यात जो मूळ फरक आहे तो दाबाचा. पहिलीत मूठ फिरवली की झडप रबरावर चारही बाजूंनी दाबली जाते. दुसरीत झडप पन्हळीत सरकायला हवी म्हणून तिथे रबर दाबून बसवताच येत नाही. त्याऐवजी केसाळ पट्टी असते, जी धूळ आणि थोडा वारा अडवते, आवाज फारसा नाही. म्हणून नवी खिडकी घ्यायचीच असेल आणि प्रश्न आवाजाचा असेल, तर मी उघड-झाप करणारीच घ्या म्हणेन. जागा खाते, पडद्यांची गैरसोय होते, हे खरं आहे. तरी दुसरा कुठलाही एकच निर्णय आवाजात एवढा फरक पाडत नाही.

जुनी सरकती खिडकी बदलणं शक्य नसेल तर झिजलेल्या केसाळ पट्ट्या काढून जास्त दाट, मधोमध प्लॅस्टिकचा पातळ पडदा असलेल्या बसवाव्यात. उघड-झाप करणाऱ्या खिडकीला पोकळ रबराची पट्टी लावावी, जी दाबल्यावर चपटी होते. स्वस्त स्पंजच्या पट्टीतून हवा जाते आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो; शिवाय ती एकदा दबली की पुन्हा फुगत नाही. पट्टी लावल्यावर खिडकी बंद करायला किंचित जोर लागायला हवा. अजिबात लागत नसेल तर पट्टी पातळ आहे.

आणि आता ती जागा, जिच्याकडे जवळजवळ कुणीच पाहत नाही: चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा. चौकट भिंतीतल्या रिकाम्या जागेपेक्षा थोडी लहान बनवलेली असते. उरलेली पोकळी नीट भरलीच नाही आणि वरून नुसता पुट्टीचा किंवा प्लॅस्टरचा पातळ थर फिरवला, असं पुष्कळ वेळा घडतं. बाहेरून सगळं गुळगुळीत दिसतं, आत पूर्ण खिडकीभोवती बोगदा असतो. चौकटीच्या कडेला भिंतीवर बोटानं टकटक करून पाहा. पोकळ आवाज आला तर शंका खरी. फुगणारा फोम वजनानं फारच हलका असल्यानं एकटा पुरत नाही. पोकळी भरल्यावर आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी, कडक न होणाऱ्या सीलंटची सलग रेघ हवी. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि त्याचा परिणाम अनेकदा नव्या काचेइतका होतो. एसीच्या नळीचं भोक, केबलचं भोक, पंख्याची जाळी यांनाही तोच नियम.

काचेचं वजन आणि तिचा कच्चा सूर

फटी संपल्या की काचेची पाळी. आवाज काचेला आरपार भेदत नाही. तो काच हलवतो आणि हललेली काच आतली हवा हलवते. जड वस्तू हलवणं कठीण, म्हणून वजन वाढलं की आवाज कमी. १ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन दर चौरस मीटरला अडीच किलो, म्हणजे ४ मिलिमीटरची काच १० किलो. वजन दुप्पट केलं की ६ डेसिबलचा फायदा व्हावा, असं गणित सांगतं. प्रत्यक्षात तो कमी होतो.

याचं कारण काचेचा एक कच्चा सूर. प्रत्येक जाडीच्या काचेत एका ठरावीक कंपनसंख्येजवळ अशी स्थिती येते की हवेतला आवाज काचेच्या पृष्ठभागावरून ज्या वेगानं सरकतो, त्याच वेगानं काचेतली वाक-लाट धावू लागते. दोघांची जुळणी झाली की काच जणू आवाजाला वाट करून देते. ४ मिलिमीटरच्या काचेत हे ३,००० हर्ट्झच्या आसपास घडतं, ६ मध्ये २,००० च्या, १२ मध्ये १,००० च्या. म्हणजे काच जाड करत गेलो तसा आवाज अडवण्यातला हा खड्डा वरच्या सुरांतून खाली, माणसाच्या बोलण्याच्या आणि हॉर्नच्या ऐन पट्ट्यात सरकतो.

यावरचा उपाय लॅमिनेटेड काच. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा मऊ पापुद्रा दाबून ती बनवतात. काच वाकू लागली की हा पापुद्रा ताणला जातो, कंपनाची ऊर्जा त्यात उष्णता होऊन विरते आणि तो खड्डा बराचसा भरून निघतो. आवाजासाठी खास जास्त मऊ पापुद्र्याची काचही मिळते आणि एकाच काचेवर भागवायचं असेल तर ती सर्वांत योग्य. टफन काचेचा इथे उपयोग नाही. ती तापवून एकदम थंड करून मजबूत केलेली असते, पण वजन साध्या काचेइतकंच, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत दोघी सारख्या.

डबल काचेबद्दल लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. कारखान्यात जोडून येणारी डबल काच, म्हणजे ४ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये १२ मिलिमीटर हवा, ही मुळात उष्णतेसाठी बनवलेली गोष्ट आहे. उष्णता अडवण्यात ती उत्तम. आवाजात मात्र ती एकेरी ४ मिलिमीटरच्या काचेपेक्षा जेमतेम एक-दोन डेसिबलनं पुढे असते. मधली अडकलेली हवा स्प्रिंगसारखी वागते: दोन काचा म्हणजे दोन वजनं, मध्ये स्प्रिंग. अशी जोडगोळी एका ठरावीक सुरावर एकत्र डोलू लागते आणि त्या सुरापाशी डबल काच एकेरीपेक्षाही वाईट ठरते. वरच्या मापांत तो सूर येतो २४५ हर्ट्झच्या आसपास, इंजिनांच्या घरघरीच्या अगदी जवळ. वरून दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्या तर दोघींचे कच्चे सूरही एकाच जागी येतात. म्हणून कारखान्याची डबल काच घ्यायचीच तर एक ६ आणि एक ४ मिलिमीटरची, शक्य तर एक लॅमिनेटेड, अशी असमान जोडी मागा. मधली जागा आर्गॉन वायूनं भरली तर उष्णतेत फरक पडतो, आवाजात जवळजवळ नाही. तिहेरी काचेचंही तसंच.

खिडकीच्या आत दुसरी खिडकी

स्प्रिंग मऊ केली की डोलण्याचा सूर खाली जातो, आणि हवेची स्प्रिंग मऊ करायची म्हणजे दोन काचांमधलं अंतर वाढवायचं. ४ मिलिमीटरच्या त्याच दोन काचा १२ मिलिमीटरऐवजी १०० मिलिमीटर अंतरावर ठेवल्या, तर तो सूर २४५ वरून ८५ हर्ट्झवर उतरतो. मग बहुतेक सगळी रहदारी त्याच्या वर, म्हणजे जिथे दोन काचा खरोखर दोन काचांसारखं काम करतात तिथे येते. जुनी खिडकी आहे तशी ठेवून आतल्या बाजूला भिंतीच्या जाडीत दुसरी खिडकी बसवणं, हा म्हणूनच मला सर्वांत पटणारा उपाय आहे. बाहेरची तोडफोड नाही, इमारतीचं बाह्यरूप बदलत नाही आणि पैशाच्या मानानं सर्वाधिक शांतता इथे मिळते.

ती बसवताना काही गोष्टींवर अडून बसा. दोन्ही काचांमध्ये किमान १० सेंटिमीटर अंतर, १५ किंवा २० मिळाले तर उत्तम. आतली काच बाहेरच्यापेक्षा वेगळ्या जाडीची, शक्यतो लॅमिनेटेड. दोन्ही चौकटी एकमेकींना टेकता कामा नयेत, नाहीतर कंपन चौकटीतून चौकटीत जातं. मधल्या पोकळीच्या चारी कडांना आवाज शोषणारं काही, जाड नमदा किंवा खनिज लोकरीची पट्टी, लावली तर आणखी काही डेसिबल पदरात पडतात. घट्टपणाचा जोर आतल्या खिडकीवर द्या. बाहेरची किंचित श्वास घेत असली तर मधल्या जागेत ओल धरत नाही. आतली खिडकी उघडता यायलाच हवी, पुसण्यासाठी आणि संकटात बाहेर पडण्यासाठीही.

भाड्याच्या घरात चौकट ठोकता येत नसेल तर चुंबकी पट्टीवर बसणारा ॲक्रिलिकचा पत्रा हा मधला मार्ग आहे. ॲक्रिलिक काचेच्या निम्म्याहूनही हलकं, म्हणून निदान ६ मिलिमीटरचं घ्यावं. पण अंतर आणि घट्टपणा दोन्ही साधत असल्यानं ते वजनाच्या मानानं चांगलं काम करतं, आणि घर सोडताना सोबत नेता येतं.

विकत घेताना खिडकीच्या कागदपत्रावर आर-डब्ल्यू किंवा एसटीसी असा, किती डेसिबल आवाज अडतो ते सांगणारा आकडा असतो. आर-डब्ल्यू १०० ते ३,१५० हर्ट्झ आणि एसटीसी १२५ ते ४,००० हर्ट्झ या पट्ट्यावरून काढतात. आर-डब्ल्यूपुढे कंसात आणखी दोन आकडे असतील तर दुसरा नक्की पाहा. त्याला सी-टी-आर म्हणतात आणि तो शहरी रहदारीसाठीची दुरुस्ती सांगतो. ‘३५ (-१, -५)’ याचा अर्थ, ट्रक-बसच्या आवाजासमोर ही खिडकी ३५ नव्हे, ३० ची समजा. आणि विचारा की हा आकडा नुसत्या काचेचा की चौकटीसकट पूर्ण खिडकीचा. नुसत्या काचेचा असेल तर वरचा फटीचा हिशेब आठवा.

जाड पडदे, अंड्यांच्या ट्रेसारखा फोम, खिडकीत कुंड्या: यांतलं काहीही आवाज अडवत नाही. पडदा आणि फोम खोलीतला घुमणारा आवाज शोषतात, त्यामुळे थोडं मवाळ वाटतं, एवढंच. जड पडद्याचं वजन दर चौरस मीटरला किलोच्या आसपास. ४ मिलिमीटर काचेच्या दहा किलोंपुढे ते काहीच नाही.

खिडकी घट्ट झाली की हवेचं काय, हा प्रश्न टाळू नये. बंद खोलीत रात्रभर माणसं झोपली की हवा कोंदट होते, डोकं जड होतं. शांत बाजूला खिडकी असेल तर ती थोडी उघडी ठेवावी. नसेल तर आवाज शोषणाऱ्या अस्तराची, वळणं घेत जाणारी हवेची पेटी भिंतीत बसवता येते. हवा वळते, आवाज अस्तरात जिरतो. मात्र ज्या खोलीत किंवा न्हाणीघरात गॅसवर चालणारं उपकरण आहे, तिथली हवेची जाळी कुठल्याही कारणानं बंद करू नका. अर्धवट ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासही न येता जीव घेतो. उघड्या खिडकीवरच स्पीकरमधून उलट्या कंपनाचा आवाज सोडून बाहेरचा आवाज मारण्याचे प्रयोगही चालू आहेत. सिंगापूरच्या नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये खिडकीच्या गजांवर २४ छोटे स्पीकर बसवून १० डेसिबलपर्यंत घट दाखवली. मला त्यातून पुष्कळ आशा वाटते, पण अगदी खालच्या सुरांवर इतके छोटे स्पीकर पुरे पडत नाहीत.

जमिनीतून आणि इमारतीच्या सांगाड्यातून येणारी थरथर, म्हणजे जवळून जाणारी रेल्वे किंवा गच्चीवरचं यंत्र, तिला खिडकीनं काहीच करता येत नाही. खिडकी बंद असताना काचेला तळहात लावा, मग भिंतीला. भिंतही थरथरत असेल तर खिडकीवर पैसे घालण्याआधी थांबा.

खिडकी नीट बसली की एक अनपेक्षित गोष्ट होते: आतापर्यंत रहदारीखाली दबलेले फ्रिजचे, नळाचे, शेजारचे आवाज ऐकू येऊ लागतात. त्यानं गोंधळून जाऊ नका, कान आठवड्याभरात सरावतो. दर वर्षी एकदा मात्र कागदाच्या पट्टीची चाचणी पुन्हा करा. ऊन आणि धूळ खाऊन रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात आणि फट तिथूनच परत सुरू होते.